वाबिगून नदीतील पारा : एका विषबाधेच्या पुराव्याचा इतिहास

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास ज्या परंपरेत वाढला, तीत अस्सल कागदास फार मान आहे. बखरीपेक्षा समकालीन पत्र अधिक विश्वसनीय, हा राजवाड्यांचा आग्रह आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेला असून, रुमालात बांधलेल्या कागदावर मिती असली की संशोधकाचा जीव भांड्यात पडतो. प्रस्तुत निबंधात ज्या पुराव्याचा विचार करावयाचा आहे, तो मात्र कागद नव्हे. तो माणसाच्या डोक्यावरील केस आहे. केस महिन्यास साधारणतः एक सेंटीमीटर वाढतो. वाढत असता रक्तातील पारा त्यात उतरतो आणि एकदा उतरलेला पारा तेथेच राहतो. यामुळे लांब केसाचे सेंटीमीटरभराचे तुकडे करून ते मुळापासून टोकापर्यंत क्रमाने तपासले, तर त्या माणसाच्या शरीरात कोणत्या महिन्यात किती पारा होता, हे सांगता येते. मिती घातलेला याहून अस्सल लेख मिळणे कठीण.

कॅनडाच्या शासनाने वायव्य ऑन्टॅरिओमधील दोन आदिवासी वस्त्यांतून असे केस आणि रक्ताचे नमुने १९७० पासून १९९७ पर्यंत गोळा केले. त्यांतील पारा मोजला, आकडे नोंदवले. परंतु त्या आकड्यांच्या मागे असलेली माणसे पुढे किती जगली, हा प्रश्न त्या आकड्यांना लावून त्याचे उत्तर प्रसिद्ध होण्यास २०२० साल उजाडावे लागले. मोजणी आणि मान्यता यांच्यामध्ये पडलेले हे अर्धशतकाचे अंतर कसे निर्माण झाले, त्याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. पुरावा नव्हता म्हणून अन्याय झाला, असे या प्रकरणाविषयी म्हणता येणार नाही. पुरावा होता, आणि तो प्रायः शासनाच्याच कपाटात होता.

वाबिगून नदी ड्रायडन या गावाजवळून वाहत जाऊन क्ले सरोवरात शिरते, तेथून पुढे इंग्लिश नदीस मिळते, आणि हा संयुक्त प्रवाह पश्चिमेकडे विनिपेग नदीत जातो. या जलमार्गावर अनिशिनाबे लोकांच्या दोन वस्त्या आहेत : ग्रासी नॅरोज आणि तिच्या खालच्या अंगास वाबासीमूंग. दुसरीस सरकारी कागदांत कधी व्हाइटडॉग तर कधी इस्लिंग्टन असे म्हटलेले आढळते, हे ध्यानात ठेवले नाही तर संशोधकाचा गोंधळ उडतो. अनिशिनाबे लोकांसच इंग्रजी ग्रंथांतून ओजिब्वे असेही नाव आहे. मासेमारी, शिकार, सापळे लावून केसाळ प्राणी पकडणे आणि उथळ पाण्यात आपोआप उगवणारा रानभात काढणे, ही त्यांची परंपरागत उपजीविका. रानभातास त्यांच्या भाषेत मनोमिन म्हणतात. वर्षाचे ऋतुचक्र या कामांभोवती बांधलेले होते, आणि वॉलाय नावाचा गोड्या पाण्यातील मोठा मासा हे रोजचे अन्न होते.

३ ऑक्टोबर १८७३ रोजी लेक ऑफ द वूड्सच्या नॉर्थ-वेस्ट अँगल या ठिकाणी ब्रिटिश राजसत्ता आणि या प्रदेशातील अनिशिनाबे प्रमुख यांच्यामध्ये करार झाला. इतिहासात तो तिसरा करार म्हणून ओळखला जातो. सुमारे ५५,००० चौरस मैलांचा मुलूख या कराराखाली आला. मुलूख सोडण्याच्या बदल्यात जी आश्वासने मिळाली, त्यांत सोडलेल्या प्रदेशात शिकार व मासेमारी करीत राहण्याचा हक्क हे एक मुख्य होय. या हक्कास शासकीय नियमांची आणि वसाहत, खाणी, लाकूडतोड इत्यादींसाठी वेळोवेळी घेतल्या जाणाऱ्या जमिनींची मर्यादा होती. नदी मासे धरण्याजोगी आणि मासे खाण्याजोगे राहतील, असे करारात लिहिलेले नाही. तसे लिहिण्याची गरज पडेल, असे १८७३ मध्ये कोणास वाटण्याचे कारणच नव्हते.

पारा येण्यापूर्वी या समाजाची स्थिती निर्वेध होती, असे मानणे चुकीचे ठरेल. मुलांना आईबापांपासून तोडून दूरच्या निवासी शाळांत ठेवण्याची पद्धत येथेही चालू होती, आणि त्या शाळांत मातृभाषा बोलण्यास मज्जाव असे. १९५८ मध्ये इंग्लिश व विनिपेग या नद्यांवर कॅरिबू फॉल्स आणि व्हाइटडॉग फॉल्स येथे जलविद्युत केंद्रे सुरू झाली. पाण्याची पातळी बदलली, जमिनी बुडाल्या, आणि वन मॅन सरोवराकाठच्या लोकांस आपली वस्ती सोडावी लागली. १९६३ साली ग्रासी नॅरोजच्या लोकांस जुन्या, बेटांवर व भूशिरांवर विखुरलेल्या घरांतून उठवून रस्त्याजवळच्या नव्या जागी वसविण्यात आले. शाळा, दवाखाना आणि वीज यांची सोय व्हावी, हा सांगितलेला उद्देश होता. जुन्या ठिकाणी एकेक कुळ आपापल्या जागी, एकमेकांपासून दूर राहत असे. नव्या ठिकाणी सर्वांस दाटीने एकत्र बसविले. या स्थलांतराचा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून येथे त्याची नोंद करून ठेवतो.

आता ड्रायडनकडे वळू. तेथील कागदाच्या कारखान्यास लगदा पांढरा करण्यासाठी क्लोरीन लागत असे. रीड या ब्रिटिश उद्योगसमूहाच्या अखत्यारीतील ड्रायडन केमिकल्स या कंपनीने १९६२ साली क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा तयार करण्याचा कारखाना सुरू केला. त्याची पद्धती पारद-घटाची होती. मिठाच्या संपृक्त द्रावणातून विजेचा प्रवाह सोडतात. पाऱ्याचा वाहता थर ऋणाग्राचे काम करतो. क्लोरीन वायू एका बाजूस निघतो, सोडियम पाऱ्यात मिसळते, आणि ते मिश्रण पाण्याच्या संपर्कात आणले की कॉस्टिक सोडा व हायड्रोजन मिळून पारा पुन्हा मोकळा होतो. तत्त्वतः पारा खर्च होत नाही. व्यवहारात मात्र तो सांडपाण्याबरोबर, गाळाबरोबर आणि हवेतून सतत निसटत राहतो. १९६२ ते १९७० या काळात येथून सुमारे ९,००० किलोग्रॅम पारा वाबिगून नदीत गेला, हा सामान्यतः स्वीकारला गेलेला अंदाज आहे.

ही पद्धती आपल्याकडेही अपरिचित नव्हती. ठाण्याच्या खाडीच्या परिसरात कॉस्टिक सोड्याचे जे कारखाने उभे राहिले, त्यांत पारद-घटांचा उपयोग होत असे. आणि खाडीतील पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील झिंगडे व देसाई यांचा निबंध १९८१ मध्येच प्रसिद्ध झालेला आहे. त्या खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळी समाजाच्या बाजूने हा विषय इतिहासाच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. पण तो स्वतंत्र विषय होय.

नदीत पडलेला धातुरूप पारा जड असतो. तो तळाशी बसतो व त्या स्थितीत मनुष्यास फारशी बाधा करीत नाही, अशी त्या काळी बहुतेक उद्योगांची समजूत होती, किंवा निदान सोयीची समजूत होती. स्वीडनमधील येन्सेन आणि येर्नेलोव्ह या संशोधकांनी १९६९ साली दाखवून दिले की, गाळातील सूक्ष्म जीव अकार्बनी पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा मिथिल पारा सजीवांच्या शरीरात सहज शिरतो आणि सावकाश बाहेर पडतो. त्यामुळे शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत तो वाढत्या प्रमाणात साठत जातो. नदीचे पाणी निवळ दिसते, त्यास वास येत नाही, माशाच्या चवीत फरक पडत नाही. आणि साखळीच्या वरच्या टोकास असलेल्या वॉलाय व पाइक या माशांत तो पाण्यातील प्रमाणाच्या लक्षावधीपट झालेला असतो. तो खाणाऱ्या माणसाच्या मेंदूत शिरतो, आणि गर्भवतीच्या वारेतून गर्भातही जातो.

असे असले तरी १९६२ मध्ये याविषयी जगास काहीच ठाऊक नव्हते, ही सबब इतिहासास मान्य करता येणार नाही. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्याजवळील कोळ्यांच्या वस्त्यांत एक अज्ञात मज्जाविकार पसरल्याची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचे कारण सेंद्रिय पारा असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी कंपनीच्या रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नातून मांजरास देऊन पाहिले, तेव्हा त्या मांजरास तोच विकार जडला; कंपनीने तो निष्कर्ष दडपून ठेवला. जपानी शासनाने कारखान्याचा दोष अधिकृतपणे मान्य केला तो १९६८ मध्ये. आणि १९६२ हे वर्ष तर विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मासांहारी मातांच्या पोटी जन्मलेल्या मिनामातातील अपंग बालकांना गर्भावस्थेतच पाऱ्याची बाधा झाली होती, हे मासाझुमी हाराडा या तरुण डॉक्टरांच्या परिश्रमाने मान्य झाले. आणि त्याच वर्षी ड्रायडन येथे पारद-घट सुरू झाले. एका महासागराच्या दोन बाजूंस घडलेल्या या घटनांचा एकमेकींशी संबंध तेव्हा कोणी जोडला नाही. तेरा वर्षांनी तो जोडला गेला, आणि तोही हाराडा यांच्याच हातून.

कॅनडातील पाऱ्याचा प्रश्न प्रथम उजेडात आणण्याचे श्रेय नॉर्व्हाल्ड फिमराइट या नॉर्वेजियन संशोधक विद्यार्थ्याकडे जाते. १९६९-७० च्या सुमारास त्याने कॅनडातील गोड्या पाण्यातील मासे तपासले आणि त्यांत पाऱ्याचे प्रमाण भलतेच असल्याचे निदर्शनास आणले. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका अभ्यासाने दोन शासने हलली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात घ्यावी. माशांतील पाऱ्याची कॅनडातील विक्रीमर्यादा दहा लाख भागांत अर्धा भाग एवढी होती. वाबिगूनच्या माशांत तिच्या कित्येक पट पारा सापडला. १९७० च्या मार्चमध्ये ऑन्टॅरिओ शासनाने कंपनीस नदीत पारा सोडणे थांबविण्याचा हुकूम दिला, आणि त्याच वर्षी या नद्यांवरील व्यापारी मासेमारी बंद झाली. हवेतून जाणारा पारा मात्र १९७५ मध्ये पारद-घट मोडीत निघेपर्यंत चालूच राहिला.

या बंदीचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. व्यापारासाठी मासे धरण्यास मनाई झाली, परंतु हौसेखातर गळ टाकणाऱ्या पाहुण्यांस मनाई झाली नाही. केवळ मौजेसाठी मासे धरावेत, अशा अर्थाच्या पाट्या पाण्याकाठी लावण्यात आल्या. म्हणजे मासा धरावा, पण खाऊ नये. अमेरिकेतून येणाऱ्या हौशी पाहुण्याच्या दृष्टीने ही सूचना समजण्यासारखी आहे. कारण त्याचे जेवण अन्यत्र तयार होते. ज्या घरात दुपारच्या जेवणाचा मासा सकाळी नदीतून येत असे, त्या घरास या पाटीने काय सांगितले? मासेमारी बंद झाल्याने हातचा पैसा गेला, आणि पैसा गेल्याने दुकानातील अन्न परवडेनासे झाले. तेव्हा नदीतील मासा पूर्वीपेक्षाही अधिक आवश्यक झाला. शासनाचा सल्ला आणि शासनाचाच निर्णय हे असे परस्परांविरुद्ध उभे राहिले.

यात आणखी एक धागा आहे. ग्रासी नॅरोज व वाबासीमूंग येथील अनेक पुरुष उन्हाळ्यात पाहुण्यांचे वाटाडे म्हणून काम करीत. नाव वल्हवणे, मासा कोठे लागेल ते दाखवणे, आणि दुपारी किनाऱ्यावर चूल पेटवून धरलेला मासा तळून सर्वांनी मिळून खाणे, हा त्या कामाचा नित्यक्रम होता. हे काम चांगल्या मिळकतीचे होते आणि त्यात त्यांच्या पिढीजात ज्ञानास प्रतिष्ठाही होती. परंतु त्यामुळे वाटाडे उन्हाळाभर रोज मासा खात. केसांच्या तपासणीत हे स्पष्ट दिसते : उन्हाळ्यात वाढलेल्या भागात पाऱ्याची रेषा चढते, हिवाळ्यात वाढलेल्या भागात उतरते. कोणाच्या स्मरणाची, कोणाच्या जबानीची गरज न लागता एका माणसाच्या नोकरीचे वेळापत्रक त्याच्या केसात लिहिलेले सापडावे, हे वाचून मी तरी काही काळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आता मोजणीकडे येऊ. केंद्रीय आरोग्य खात्याने वर्षानुवर्षे दोन्ही वस्त्यांत नमुने घेतले; मोठ्यांचे केस व रक्त घेतले, आणि जन्मणाऱ्या मुलांच्या नाळेतील रक्तही घेतले. निर्णयासाठी खात्याने काही मर्यादा ठरविल्या होत्या. रक्तात लिटरमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत पारा असल्यास तो स्वीकारार्ह, २० ते १०० पर्यंत असल्यास धोका वाढत जाणारा, आणि १०० च्या वर असल्यास मनुष्य धोक्यात आहे असे समजावयाचे. केसांच्या मापाने पाहता या मर्यादा ग्रॅममागे अनुक्रमे सुमारे ६ व ३० मायक्रोग्रॅम अशा होतात. मर्यादा ठरविण्यात गैर काही नाही; वैद्यकास त्या लागतातच. परंतु मर्यादेचे एक प्रशासकीय जीवनही असते. ती एकदा कागदावर आली की तिच्या खालचा मनुष्य कार्यालयाच्या दृष्टीने निरोगी होतो. त्याचे हात बधिर असोत, चालताना तोल जावो, कानांनी कमी येवो, की नजरेचा परीघ आक्रसून समोरची नळीएवढीच जागा दिसो. कागदावर तो सुरक्षित असतो.

रोगनिदानाच्या बाबतीतही असेच झाले. सेंद्रिय पाऱ्याच्या विषबाधेचे आद्य वैद्यकीय वर्णन हंटर, बॉमफर्ड व रसेल यांनी १९४० मध्ये केले. ते रुग्ण इंग्लंडमधील एका कारखान्यातील कामगार होते; त्यांना थोड्या काळात तीव्र बाधा झाली होती. स्पर्शज्ञान नष्ट होणे, हालचालींतील ताळमेळ जाणे, बोलणे अडखळणे आणि दृष्टिक्षेत्र आक्रसणे, ही लक्षणे एकत्र दिसली म्हणजे पाऱ्याची बाधा, असा दंडक त्यावरून पडला. मिनामातातही प्रथम हीच फूटपट्टी लावली गेली. परंतु कारखान्यात थोड्या काळात झालेली बाधा आणि नदीकाठी वीस वर्षे थोडी थोडी होत गेलेली बाधा यांचे चित्र एकच असेल, हे गृहीत धरण्यास आधार काय? पूर्ण लक्षणसमूह दिसत नाही म्हणून पाऱ्याची बाधा नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. आणि जी सुटी लक्षणे दिसत, त्यांचे खापर मद्यपान, मधुमेह किंवा वार्धक्य यांवर फोडणे सोपे होते. मद्यपानाचे कारण तर फारच हाताशी होते, कारण ते आदिवासींविषयीच्या प्रचलित पूर्वग्रहात चपखल बसत असे.

१९७५ साली हाराडा कॅनडात आले. त्यांच्यापाशी मिनामातातील शेकडो रुग्ण तपासल्याचा अनुभव होता. सौम्य व अपूर्ण स्वरूपातील विकार कसा ओळखावा, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. दोन्ही वस्त्यांतील लोकांची तपासणी करून त्यांनी असे मत दिले की, मिनामातातील विकाराशी जुळणारी लक्षणे येथे आढळतात, आणि त्यांचे स्वरूप त्या वेळी सौम्य आहे. याच वर्षी दोन्ही वस्त्यांचे प्रतिनिधी मिनामातास जाऊन तेथील रुग्णांस भेटले. भाषा, धर्म, आहारपद्धती यांत काही साम्य नसलेल्या दोन समाजांस एकमेकांच्या हातापायांच्या थरथरण्याने एकमेकांची ओळख पटली. हाराडा २००२ मध्ये आणि त्यानंतरही पुन्हा ग्रासी नॅरोजला गेले. १९७५ मध्ये त्यांनी ज्यांना तपासले होते त्यांपैकी अनेक जण तोवर मरण पावले होते, आणि जे हयात होते त्यांची लक्षणे वाढली होती. २०१२ मध्ये हाराडा वारले. एखाद्या वैद्याने सदतीस वर्षे एका परक्या नदीचा पाठपुरावा करावा, याचे वैद्यकाच्या इतिहासात फार दाखले नसतील.

कायद्याच्या मार्गाने १९८५ मध्ये तडजोड झाली. केंद्र शासन, ऑन्टॅरिओ शासन, रीड आणि रीडकडून कारखाना विकत घेणारी ग्रेट लेक्स फॉरेस्ट प्रॉडक्ट्स कंपनी यांनी मिळून दोन्ही वस्त्यांस सुमारे १ कोटी ६७ लाख कॅनडियन डॉलर द्यावयाचे ठरले, आणि १९८६ मध्ये तसा कायदा झाला. याच तडजोडीतून पारद-अपंगत्व मंडळ स्थापन झाले. अर्जदाराची तपासणी करून लक्षणांस गुण द्यावयाचे आणि गुणांप्रमाणे दरमहा २५० ते ८०० डॉलर द्यावयाचे, अशी त्याची पद्धती. विषबाधेची कबुली देणारी ही पहिली शासनमान्य यंत्रणा होय, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु पुराव्याचा भार रुग्णावर राहिला. ज्याच्या शरीराचे नमुने शासनाने स्वतः घेतले होते, त्यालाच आपल्या शरीराबद्दल शासनाची खात्री पटवून द्यावी लागे. महागाई वाढत गेली तरी रक्कम जागीच राहिली. तिची महागाईशी सांगड २०१८ मध्ये घालण्यात आली.

याच वर्षी, म्हणजे १९८५ मध्ये, ॲनास्टेशिया श्किल्निक यांचा ग्रासी नॅरोजवरील ग्रंथ येल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. या विषयावर जे लिहिले गेले त्यात तो सर्वांत अधिक वाचला गेला असेल. त्यांच्या विवेचनाचा रोख असा की, या समाजाची घडी मोडली ती प्रामुख्याने १९६३ च्या स्थलांतराने. पारा हा त्यानंतरचा आघात. स्थलांतराचे महत्त्व त्यांनी जगापुढे आणले, याबद्दल अभ्यासक त्यांचे ऋणी आहेत. परंतु या मांडणीतील एक धोका नजरेआड करता कामा नये. हिंसा, निराशा, आत्महत्या, मुलांची हेळसांड ही सर्व सामाजिक विघटनाची फळे मानली, की त्यांतील किती भाग मेंदूच्या इजेचा आहे हा प्रश्नच उरत नाही. विचार मंद होणे, चटकन संताप येणे, खिन्नता, स्मरणशक्ती कमी होणे ही मिथिल पाऱ्याच्या बाधेची लक्षणे आहेत. आणि नेमकी हीच लक्षणे समाजशास्त्रज्ञास समाजाच्या ऱ्हासाची चिन्हे म्हणून दिसतात. माझ्या मते येथे एक कारण निवडून दुसरे टाकण्याचा आग्रहच चुकीचा आहे. स्थलांतराने ज्या घरांचा आधार गेला, त्याच घरांत पारा शिरला. उलट, पारा हेच एकमेव कारण म्हणणाऱ्या काही लेखकांनी धरणे, शाळा आणि स्थलांतर यांस पार्श्वभूमीत ढकलले, तेही तितकेच एकांगी होय.

या वादाचा निकाल लावण्यास जे साधन हवे होते, ते केसांच्या नोंदींत पडून होते. फिलिबर, फिलियॉन व मर्गलर यांनी त्या नोंदींचा आधार घेऊन केलेला अभ्यास २०२० साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९७० ते १९९७ या काळात ज्यांचे नमुने घेतले गेले, अशा ग्रासी नॅरोजच्या ६५७ व्यक्तींच्या पाऱ्याच्या नोंदी त्यांनी त्यांच्या पुढील आयुर्मानाशी ताडून पाहिल्या. ज्यांच्या केसांत एकदा तरी ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम वा अधिक पारा आढळला होता, ते अकाली मरण पावण्याचा संभव अधिक दिसला. आणि मृतांच्या बाबतीत केसांतील दर सव्वासहा मायक्रोग्रॅम वाढीमागे आयुष्य सुमारे एका वर्षाने कमी झालेले आढळले. येथे जुन्या मर्यादांची आठवण ठेवावी. पंधरा हा आकडा तीसच्या निम्मा आहे. म्हणजे ज्यांना कार्यालयाने धोक्याच्या रेषेच्या कितीतरी खाली ठेवले होते, त्यांची आयुष्येही खुंटली होती.

२०२३ मध्ये मर्गलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन पिढ्यांचा विचार करणारा दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. आजोबांचे वाटाड्याचे काम, आईने लहानपणी खाल्लेला मासा व तिच्या आईच्या पोटात असताना तिला झालेली बाधा, आणि नातवंडांमधील आत्महत्येचे प्रयत्न, अशी शृंखला त्यांनी आकडेवारीच्या साहाय्याने तपासली आणि त्यांतील दुवे जुळत असल्याचे दाखविले. किनाऱ्यावरच्या त्या दुपारच्या जेवणापासून निघालेली रेषा अशी आजच्या शाळकरी मुलापर्यंत येऊन पोहोचते. ‘सामाजिक’ आणि ‘जैविक’ असे दोन कप्पे करून लिहिलेला इतिहास या ठिकाणी अपुरा पडतो.

नदीचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. कॅनडाच्या राज्यघटनेप्रमाणे आदिवासींचा विषय केंद्राकडे आणि जंगल, खनिजे व जमीन प्रांताकडे, अशी वाटणी आहे. रुग्ण केंद्राचा आणि नदीकाठ प्रांताचा झाला, की दोघांसही दुसऱ्याकडे बोट दाखविण्यास सवड मिळते. गाळ हलवून वा झाकून नदी स्वच्छ करण्याच्या सूचना १९८० नंतरच्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी केल्या होत्या. नदी आपोआप सुधारेल, अशा समजुतीवर त्या बाजूस सारण्यात आल्या. काही अंशी ती सुधारलीही, परंतु पुढे सुधारणा थबकली. २०१४ मध्ये ग्रासी नॅरोजचे माजी प्रमुख स्टीव्ह फोबिस्टर यांनी स्वतः बाधित असताना टोरॉन्टो येथे उपोषण केले. २०१६ मध्ये रड, हॅरिस व सेलर्स या शास्त्रज्ञांनी नदी स्वच्छ करणे शक्य असल्याचा अहवाल दिला, आणि २०१७ मध्ये ऑन्टॅरिओ शासनाने त्यासाठी साडेआठ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. पाऱ्याने बाधित झालेल्यांसाठी वस्तीतच शुश्रूषागृह उभारण्याविषयी केंद्राशी २०२० मध्ये करार झाला; फोबिस्टर तोवर हयात नव्हते. ते २०१८ मध्ये वारले.

२०२४ मध्ये वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातील ब्रायन ब्रॅनफिरन यांच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. ड्रायडनच्या कागद कारखान्याच्या सांडपाण्यात आता पारा नाही, पण सल्फेट व सेंद्रिय द्रव्ये आहेत. आणि गाळातील ज्या जीवाणूंमुळे जुन्या पाऱ्याचा मिथिल पारा होतो, त्यांना हे द्रव्य पोषक ठरते. साठ वर्षांपूर्वी टाकलेले विष आजच्या सांडपाण्याने जागे राहते. हा शोध प्रसिद्ध झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ जून २०२४ रोजी, ग्रासी नॅरोजने केंद्र व ऑन्टॅरिओ या दोन्ही शासनांविरुद्ध दावा दाखल केला. पाऱ्यापासून नदीचे रक्षण न केल्याने मासेमारीच्या हक्काचा भंग झाला, हा त्या दाव्याचा गाभा असून, त्यासाठी आधार म्हणून पुढे केलेला कागद ३ ऑक्टोबर १८७३ चा आहे.